यादीचे राहू द्या, आधी विहिरीत डोकवा

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



या देशात काय पाहावे याच्या याद्यांना तोटा नाही. केंद्र सरकारची ‘देखो अपना देश’ मोहीम २०२० पासून चालू आहे. २०२४ मध्ये तर लोकांनी आपापल्या आवडीच्या ठिकाणांना मते द्यावीत असेही आवाहन झाले. रेल्वेच्या भारत गौरव गाड्यांची पत्रके निघतात, यात्रा कंपन्यांची निघतात, आपल्या पर्यटन विकास महामंडळाची तर १९७५ पासून निघताहेत. ताजमहाल, कुतुबमिनार, सुवर्णमंदिर, हंपी, कोणार्क. महाराष्ट्राचे पान उघडले की वेरूळ, अजिंठा, घारापुरी, गेटवे आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या पंगतीत बसलेले गड. या याद्यांत बीड जिल्हा शोधायचा तर अकरा तालुके मिळून एक ओळ हाती लागते: परळी वैजनाथ. तीही प्रत्येक यादीत असतेच असे नाही.

त्या एका ओळीसाठी आमच्याकडे किती निवेदने लिहिली गेली असतील याचा हिशेब नको. बारा ज्योतिर्लिंगांतला वैद्यनाथ कुठला, परळीचा की झारखंडातल्या देवघरचा, हा वाद जुना आहे. एका प्रचलित स्तोत्रात परळीचे नाव स्पष्ट आहे. दुसऱ्यात वैद्यनाथ ईशान्येकडे सांगितला आहे. दोन्हीकडे रावणाची कथा आहे, दोन्हीकडे पुजारी आहेत आणि दोन्हीकडे भाबड्या मनाने रांगेत उभी राहणारी माणसे आहेत. देवघरला श्रावणात सुलतानगंजहून गंगेचे पाणी खांद्यावर घेऊन लोक शंभरावर किलोमीटर चालत जातात. त्यांना ‘तुमचा देव खरा नाही’ असे सांगायला परळीहून कोण जाणार? असेच भांडण औंढा नागनाथाचे द्वारकेच्या नागेश्वराशी आहे. भीमाशंकरचे तर २०२३ च्या महाशिवरात्रीच्या तोंडावर आसाम सरकारच्या एका जाहिरातीने नव्याने उकरून काढले. तेव्हा मुंबईत किती पुढाऱ्यांना एका दिवसात भीमाशंकर आठवला होता, हे आपल्याला ठाऊकच आहे.

माझी विनंती उलट दिशेची आहे. हा खटला आपण लढवू नये. दिल्लीच्या कुठल्या यादीत परळीचे नाव आले काय आणि राहिले काय, अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या त्या देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही. तिथे आजही माणूस लिंगाला हात लावून दर्शन घेतो, बेलाबरोबर तुळसही वाहतो आणि हरि-हर एकच असे म्हणत खाली उतरतो. त्याच्या श्रद्धेला राजपत्राची गरज नाही. गरज आहे ती सावलीची, स्वच्छ शौचालयाची आणि औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून सुटकेची. ती कामे वाद मिटायची वाट पाहत नाहीत.

वादाचा तोटा वेगळाच आहे. सगळा आवाज त्या एका ओळीवर खर्च होतो आणि ज्याच्यावर कुणाचाच दावा नाही, जे निर्विवाद आमचे आहे, त्याकडे पाहायला कुणाजवळ वेळ उरत नाही. त्यातल्या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहितो आहे. ती एक विहीर आहे.

बीड शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला, सहाएक किलोमीटरवर खजिना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने १५८२ च्या सुमारास ती बांधून घेतली. आखणी राजा भास्कर नावाच्या जाणकाराची, असे सांगतात. वर उभे राहून पाहिले तर दगडी बांधणीची एक भली मोठी गोल विहीर, एवढेच दिसते. मूर्ती नाहीत, कोरीव खांब नाहीत, नक्षीची कमान नाही. म्हणूनच तिचे छायाचित्र चांगले येत नाही, आणि ज्याचे छायाचित्र चांगले येत नाही त्याला हल्ली पर्यटनस्थळ म्हणत नाहीत.

तिचे खरे काम जमिनीखाली आहे. आजूबाजूच्या जमिनीत मुरलेले पाणी बांधीव बोगद्यांनी विहिरीत आणायचे आणि तिथून उताराचा फायदा घेऊन बोगद्यानेच शहराच्या बाजूच्या शिवारात, बलगुजारकडे, सोडून द्यायचे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. उपसण्याचा प्रश्नच येत नाही; पाणी आपल्या पायांनी चालत जाते. हे जमायला जमिनीचा चढउतार बोटाबोटाने मोजावा लागतो. बोगद्याचा उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडत धावते, कमी झाला तर गाळ बसून वाट बंद. आज लेव्हल मशीन हाताशी असूनही आमच्याकडच्या कित्येक पाटचाऱ्यांच्या शेपटाला पाणी पोचत नाही. तेव्हा चारशे चाळीस वर्षांपूर्वी कुणी तरी हे गणित जमिनीच्या पोटात शिरून सोडवले होते, याचा आम्हांला अभिमान वाटायला हवा.

बीड हा पर्जन्यछायेतला जिल्हा. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना खडी केंद्रासकट आठवतो. २०१५-१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आमच्याही गावोगाव टँकरच्या नळीखाली घागरींच्या रांगा होत्या. अशा मुलखात लोकांनी अभिमानाने दाखवायची पहिली वास्तू किल्ला किंवा राजवाडा असावी, की पाणी जिरवण्याचे, आणण्याचे आणि वाहते ठेवण्याचे काम? मला तरी उत्तर उघड दिसते. देशात अशा कामांची किंमत कळत नाही असेही नाही. पाटणची राणी की वाव २०१४ मध्ये जागतिक वारसा झाली आणि २०१८ पासून शंभराच्या नोटेवर आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. संभाजीनगरला मलिक अंबरच्या नहरीची चर्चा निघते, बिदरला भुयारी कालव्यांची साफसफाई करून त्यांचा अभ्यास झाला, बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा पाहुण्यांना मुद्दाम नेऊन दाखवतात. मलिक अंबरची नहर आणि बुऱ्हाणपूरची ही व्यवस्था या दोन्ही सतराव्या शतकातल्या. आमची विहीर त्यांच्याआधीची. वेरूळ पाहून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला निघालेल्या हजारो गाड्या धुळे-सोलापूर महामार्गाने तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून जातात. थांबत कुणी नाही, कारण थांबा असे कुणी सांगितलेलेच नाही.

‘खजिना विहीर कधीच आटत नाही’ हे वाक्य बीडवर लिहिलेल्या प्रत्येक लेखात असते. मी ते लिहिणार नाही. विहिरीत पाणी येते ते काही चमत्काराने नाही. भोवतालच्या रानात पाऊस मुरतो आणि ते पाणी बोगद्यांपर्यंत झिरपते म्हणून ते येते. त्याच रानात पाचशे-सातशे फुटांचे बोअर घेत गेलो, नाले बुजवले, प्लॉटिंग करून मुरमावर डांबर ओतले तर सलाबतखानाची पुण्याई किती दिवस पुरणार? म्हणून या विहिरीचे ‘सुशोभीकरण’ करायच्या आधी तिचे पाणलोट क्षेत्र कुठून कुठपर्यंत आहे, बोगदे नेमके कुठल्या गटांखालून जातात, त्यांतले कुठे ढासळले, कुठे गाळाने भरले, याचा नकाशा झाला पाहिजे. राज्याकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, पुरातत्त्व विभाग आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. हे तिघे एका टेबलाभोवती बसवायचे काम मात्र त्यांतले कुणीच आपण होऊन करणार नाही. ते आपल्या खात्याने करावे.

आणि तो नकाशा झाला की तोच तिथे लावा, मोठ्या दगडी फलकावर. पाहणाऱ्याला पाण्याचा रस्ता दिसला की त्याला विहीर दिसेल. आत्ता फक्त खड्डा दिसतो.

पाण्याचाच धागा धरून शहरात आले की कंकालेश्वर. चौकोनी कुंडाच्या मधोमध उभे असलेले, तीन गाभाऱ्यांचे, चालुक्य-यादव वळणाचे देऊळ. आत जायला पाण्यातून बांधून काढलेली वाट. बाहेरच्या भिंतीवरच्या शिल्पांत शस्त्रे घेतलेल्या स्त्रिया आहेत. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते, बाकी वर्षभर आजूबाजूची मुले कुंडाच्या काठावर बसून मोबाइल पाहतात. मला त्यात वावगे वाटत नाही. देऊळ वस्तीत असले म्हणजे तिथे पोरे बसणारच. पण त्यांच्यापैकी एकाला तरी त्या भिंतीवरची एक मूर्ती ओळखून दाखवता यावी, एवढी अपेक्षा चुकीची नाही. शाळांच्या सहली बीडहून निघतात त्या थेट वेरूळ, दौलताबाद, शिर्डी, नाही तर रायगड-प्रतापगड-महाबळेश्वर. एसटीच्या लाल गाडीत रात्रभर पेंगत जाऊन मुले दुसऱ्याचे वैभव पाहून येतात. आपल्या गावचे कंकालेश्वर आणि खजिना विहीर हे अर्ध्या दिवसाचे काम असते, त्याला वर्गणी काढावी लागत नाही, म्हणून ते सहलीत मोजलेच जात नाही.

आता अंबाजोगाईचे बोलतो. इथे जरा जास्त थांबावे लागेल.

योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. रत्नागिरी, पुणे, मुंबई आणि आता अमेरिका इथली घराणी लग्न-मुंजीनंतर दर्शनाला म्हणून इथे येतात, ओटी भरतात आणि त्याच दिवशी परततात. या देवीची लोककथा अशी: ती परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, वाटेत मुहूर्त टळला, कोंबडा आरवला आणि सगळे वऱ्हाड दगडाचे झाले. हत्तीखाना म्हणतात त्या लेण्यांतले दगडी हत्ती हे त्या वऱ्हाडातलेच, असे आजी नातवाला सांगते. पुरातत्त्वाचे लोक अर्थातच छिन्नीच्या खुणा दाखवतात आणि दगडातून कोरून काढलेल्या लेण्यांबद्दल बोलतात. मला दोन्ही ऐकायला आवडतात. परळी आणि अंबाजोगाई यांच्यातले अंतर पंचवीसएक किलोमीटर. एका कथेने बांधलेली ही दोन गावे पर्यटकाला मात्र दोन वेगळ्या सुट्ट्यांत, दोन वेगळ्या गाड्यांनी बघावी लागतात.

त्याच गावात यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचे देऊळ आहे. सकलेश्वर, ज्याला लोक बाराखांबी म्हणतात, त्याच्याशी १२२८ च्या शिलालेखाचा संबंध आहे आणि २०२४ मध्ये राज्य पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात तिथे आणखी मंदिरांचे पाये उघडे पडले. म्हणजे आम्हांला ठाऊक असलेले अंबाजोगाई अजून पुरते जमिनीवर आलेलेही नाही.

गावाबाहेर डोंगर उतरून दरीत गेले की मुकुंदराजांची समाधी. ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ मध्ये लिहिला गेला असे परंपरा मानते. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणून मुकुंदराज मराठीचे आद्यकवी. इथेही वाद आहेच: काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि विदर्भातल्या आंभोऱ्याचाही मुकुंदराजांवर हक्क सांगितला जातो. आंभोऱ्याने खुशाल सांगावा. कवी दोन गावांना आपला वाटत असेल तर तोटा कुणाचाच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा राज्यभर पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांच्या खर्चात मुकुंदराजांच्या दरीत उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना धरायला एक नीट कठडा आणि बसायला दोन बाक झाले असते.

आणि दासोपंत. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. गीतेवरचा त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो, त्यामुळे त्यांना कुणी फारसे वाचलेले नाही आणि मी वाचले आहे असेही म्हणणार नाही. पण त्यांची पासोडी! जवळजवळ चाळीस फूट लांबीच्या कापडावर, आकृत्या काढून, त्यांनी ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला. पोथी नाही, ताडपत्र नाही. कापडावर पसरलेला ग्रंथ. पुढे बसलेल्या मंडळींना एकेक गोष्ट बोटाने दाखवत समजावायची सोय, असे ती रचना पाहून वाटते. चारशे वर्षे अंबाजोगाईत तिचा सांभाळ झाला. मराठी भाषेत असे दुसरे लेखन माझ्या माहितीत नाही. जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाने अशा वस्तूसाठी काचेचा वेगळा दिवाणखाना बांधला असता, मंद दिवे लावले असते, बाजूला तिची हुबेहूब नक्कल ठेवली असती. मूळ पासोडी हलवू नये, ती जिथे जपली गेली तिथेच राहावी; पण तिची पूर्ण आकाराची छापील प्रत अंबाजोगाईच्या बसस्थानकाच्या लांब भिंतीवर लावायला काय हरकत आहे? तिथे आत्ता गुटख्याच्या पिचकाऱ्या आहेत. चाळीस फुटांची भिंत सहज मिळेल.

याच गावाला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत, घोडदळाची छावणी होती, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. एका गावात एवढे. तरी लोकांच्या लेखी ते ‘परळीजवळचे एक देवीस्थान’.

बाकीच्या ठिकाणांची नावे फक्त घेतो, नाही तर पत्राचा गॅझेटियर होईल. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी, जिथे अधिक महिन्यात धोंड्यांचा नैवेद्य घेऊन माणसांचा पूर लोटतो आणि जिथल्या १३१० च्या ताम्रपटावरून रामचंद्रदेव यादवाच्या अखेरच्या काळाबद्दल इतिहासकारांना कितीतरी कळले. आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला धारूरचा किल्ला, ज्याच्या घाटातली सीताफळे भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहेत. गेवराईचे राक्षसभुवन, जिथे १० ऑगस्ट १७६३ ला अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याच्या फौजेने निजामाला हरवले. आज तिथे लोक शनीला तेल वाहायला येतात आणि लढाईचे नावही कुणी काढत नाही. मन्मथस्वामींचे कपिलधार, पाटोद्याचा सौताड्याचा धबधबा, नायगावचे मोर. पालवणच्या उघड्या डोंगरावर लोकांनी उभी केलेली देवराई, जिथे फेब्रुवारी २०२० मध्ये झाडांचे संमेलन भरले होते.

एवढे सगळे वाचून आपल्या खात्यातला एखादा उत्साही अधिकारी लगेच आराखडा करायला घेईल, त्याची मला धास्ती आहे. आमच्याकडे विकास कसा येतो ते ठरलेले आहे. आधी प्रवेशद्वाराची कमान, तिच्यावर देणाऱ्यांची नावे, देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. मग पेव्हर ब्लॉक. मग स्टीलचे कठडे, रंगीत दिवे, कारंजे, जे उद्‌घाटनाच्या दिवशी उडते. काळ्या दगडाच्या देवळाला ऑइल पेंट, गाभाऱ्याला संगमरवरी फरशी, आणि शेवटी इंग्रजी अक्षरांचे लाल बदामाचे सेल्फी पॉइंट. हेमाडपंती दगडाला श्वास घ्यायला जागा लागते. त्यावर तेलाचा रंग चढवला की आतली ओल आतच अडकते आणि पापुद्रे सुटू लागतात, हे पुरातत्त्वाचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. खजिना विहिरीच्या काठावर सिमेंटचा घट्ट पट्टा ओतला तर पाझराच्या वाटा बुजतील. तेव्हा निधी द्यायचा असेल तर तो चुन्याच्या कामाला, गाळ काढायला, नकाशाला आणि राखणदाराच्या पगाराला द्या. या चार गोष्टींना उद्‌घाटन नसते, हे मला माहीत आहे. तिथेच खरी अडचण आहे.

आणखी दोन गोष्टी. एसटी महामंडळ अष्टविनायकाला गाड्या सोडते, तशी रविवारी एक गाडी बीड बसस्थानकातून निघावी: खजिना विहीर, कंकालेश्वर, धारूर, अंबाजोगाई, परळी आणि परत. रेल्वेसाठी आम्ही जवळपास तीन दशके थांबलो. अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. परळीपर्यंतचा उरलेला मार्ग झाला की लोक येतील, पण स्टेशनावर उतरून पुढे जायचे कशाने, हा प्रश्न त्यांनी रिक्षावाल्याला विचारू नये. दुसरी गोष्ट शौचालयांची. पुरुष भिंत शोधतात, बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. यात्रेला निघालेल्या आमच्याकडच्या बाया या देशातली सगळी तीर्थे अशाच तहानलेल्या पाहून येतात. कुठल्याही माहितीपत्रकाच्या आधी हे बांधा, आणि रोज धुणारे माणूस नेमा.

पर्यटनाने बीडचा प्रश्न सुटेल असे मी म्हणत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे उचल घेऊन कोयत्यावर जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकाच्या फडांतून उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पर्यटनाचा हंगाम तोच, म्हणजे पाहुणे येतील तेव्हा अर्धी गावे कुलूपबंद असतील. वाटाड्याच्या कामाने मुकादमाची उचल फिटत नाही. पण ज्या घरातली मुले आजी-आजोबांपाशी मागे राहतात, त्यांच्यातल्या दहावी-बारावी झालेल्या पन्नास मुलामुलींना शिकवून, ओळखपत्र देऊन, ठरावीक मानधनावर या ठिकाणी उभे केले, तर त्या पन्नास घरांत तरी एक कोयता कमी होईल. पन्नास हा आकडा सुरुवातीला पुरे. पाचशेची घोषणा नको. पाचशेची घोषणा झाली की पाचही उभे राहत नाहीत.

गेल्या काही वर्षांत बीडचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर कशासाठी येते ते वेगळे सांगायला नको. बाहेरगावी आमच्या मुलांनी ‘बीडचा’ म्हटले की समोरचा क्षणभर थबकतो. या प्रतिमेवर जाहिरातीने रंगसफेदी करता येईल असे कुणी आपल्याला सुचवले, तर कृपा करून ऐकू नका. गुन्ह्याचा बंदोबस्त गृहखात्याने करावा, तुमच्या खात्याच्या चित्रफितीने तो होणार नाही. पण आमच्या पोरांना समोरच्याला सांगायला एखादी खरी गोष्ट हवी, जी त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली आहे. म्हणून सुरुवात बाहेरच्या पर्यटकापासून करू नका. पहिल्या वर्षी जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या आठवीच्या वर्गाला खजिना विहिरीपाशी न्या, पाण्याचा उतार मोजायला लावा, त्याचा अहवाल त्यांच्याकडून मराठीत, आणि उर्दू शाळांकडून उर्दूत, लिहून घ्या. विहीर बांधणारा निजामशाहीचा, आखणारा भास्कर आणि पाणी पिणारे सगळे. तिला दोन्ही लिपी शोभतात.

आपण स्वतः यावे, ही शेवटची विनंती. श्रावणात नको, तेव्हा सगळेच हिरवे असते आणि स्वागताला फेटे बांधून मंडळी उभी असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात या, दुपारी बाराच्या सुमारास. सोबत भूजल विभागाचा एक अभियंता आणि एक मोजपट्टी पुरे. कार्यक्रमपत्रिका छापू नका. छापलीच तर परळीचे दर्शन संध्याकाळी ठेवा, विहीर आधी.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक